पाठीवरची चार बोटं

१

ह्यू प्रॉसरची कवटी मागून फुटली होती, आणि फोडणाऱ्याचं तेवढ्यानं समाधान झालं नव्हतं. माणूस खाली पडल्यावरही घाव घातलेले दिसत होते. घंटाघराच्या अरुंद दारात तो पालथा पडला होता. जिन्याच्या भिंतीवर पार वरपर्यंत रक्त उडालं होतं आणि शेजारी घंटेचं चाक फिरवायचा लोखंडी दांडा पडला होता. त्याला केस चिकटलेले होते.

नीना सबनीसनं उभी हयात बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात प्रेतं तपासण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर तिनं ठरवलं होतं, आता मेलेली माणसं पुरे, जिवंतांशी भांडायचं. पण आत्ता ती त्या दारात गुडघे टेकून बसली ती प्रेतासाठी नव्हे. प्रेताला टेकून तिची स्वतःची मुलगी बसली होती, आणि तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

"आई, मी त्याला उचलायचा ट्राय केली," ऋजुता थरथरत म्हणाली. जन्म इंग्लंडातला, त्यामुळे तिचं मराठी एरवीही अडखळायचं. "तो अजून वॉर्म होता गं."

"ऊठ. हात कुठे लावू नकोस. ऊठ म्हणते ना!"

तिला बाजूला केल्यावर नीनाचं लक्ष ह्यूच्या पाठीकडे गेलं. त्याच्या पांढऱ्या लिननच्या कोटावर, उजव्या खांद्याखाली, बुटाच्या टोकाचा चिखल पुसटसा लागला होता. आणि बरोब्बर त्या चिखलावर रक्तानं माखलेल्या चार बोटांचे ठसे होते. बोटांची फक्त टोकं, हलकेच टेकवून उचललेली. ऋजुतानं धरलेल्या दंडावर तिचे पंजे ओघळले होते तसे हे नव्हते. नाडी बघायला कुणी पाठीला हात लावत नाही आणि ढकलायचं तर कुणी इतकं हळू ढकलत नाही. मग हा हात तिथे गेला कशाला?

एवढ्यात मागून किंकाळी आली. टीरूमवाली मेगन पावसात उभी होती आणि तिचं बोट ऋजुतावर रोखलेलं होतं.

"हिनंच! मघाशी सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती हिनं त्याच्या! हिनंच मारला माझ्या नवऱ्याला!"

२

पोर्तो ब्रिन म्हणजे अर्धं नाव इटलीचं आणि अर्धं वेल्सचं. शंभरेक वर्षांपूर्वी एका जहाजमालकाला इटलीच्या किनाऱ्यावरचं एक खेडं इतकं आवडलं, की त्यानं तिथले गवंडी आणून वेल्सच्या खडकावर तसंच गाव बांधून घेतलं. गुलाबी-पिवळी घरं, उतरत्या पायऱ्या, चिमुकलं बंदर, चौकाच्या टोकाला घंटाघर. कुंडीतली लिंबाची झाडंसुद्धा होती बिचारी, थंडीनं काकडत. २००६ सालच्या त्या एप्रिलमध्ये गाइडबरोबर गाव चालत बघायला पाच जण बर्मिंगहॅमहून गाडी करून आले होते.

नीना आणि ऋजुता. ऋजुताशी लग्न ठरलेला पुष्कर, पुण्याचा, वर्क व्हिसावर आलेला, डोक्यानं हुशार पण तापट. आणि मुळ्ये जोडपं, चंद्रशेखर आणि शशी. नीनाचा नवरा गेला तेव्हा ऋजुता शाळकरी होती. तिला पोहायला नेणं, गाडी शिकवणं, पालकसभेला जाऊन मास्तरणीशी वाद घालणं, सगळं चंदूभाऊंनी केलं. त्यांचा स्वतःचा एकुलता एक साकेत सहा वर्षांपूर्वी एका दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेला. तेव्हापासून तर ऋजुतावर त्यांचा जीवच जडला होता. त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता, म्हणून हा सगळा घाट.

सकाळपासून शशीवहिनी कुरकुरत होत्या. "पहाटे गाडी काढायची म्हणून ह्यांची पूजासुद्धा झाली नाही. गंधाची डबी देवापाशीच राहिली."

"देव एक दिवस रजा देईल हो मला," चंदूभाऊ हसून म्हणाले होते.

गाइड ह्यू प्रॉसरचा चेहरा राकट, दाढी राखलेली, आणि बोलणं असं गोड की माणसाला मुंग्या लागाव्यात. त्यानं आधी वेशीपाशी नीनाच्या कॅमेऱ्यानं सगळ्यांचा फोटो काढून दिला आणि मग छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवून नाव सांगितलं.

"आडनाव काय तुमचं?" चंदूभाऊंनी विचारलं.

"प्रॉसर."

"बर्मिंगहॅमला होतात का कधी?"

"होतो थोडे दिवस. गचाळ शहर!" ह्यू डोळा मारून म्हणाला. सगळे हसले. चंदूभाऊ हसले की नाही ते नीनानं पाहिलं नाही.

बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर हात देण्याच्या मिषानं ह्यूनं ऋजुताच्या कमरेला विळखा घातला, आणि तिनं फाडकन त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. पुष्करनं त्याची गचांडी धरली. "पुन्हा हात लावलास तर दात घशात घालीन तुझे!" हे त्यानं इंग्रजीत सांगितलं, म्हणजे ऐकणारे भरपूर झाले. चंदूभाऊंनीच मध्ये पडून दोघांना सोडवलं. ह्यूनं ओठावरचं रक्त पुसलं आणि जणू काहीच झालं नाही अशा आवाजात सांगितलं, की आता चहा घ्या, फोटो काढा, तोवर मी शेवटचा टप्पा, म्हणजे घंटाघर, उघडून ठेवतो.

त्यानंतर तो कुणाला जिवंत दिसला नाही. म्हणजे एकाला दिसला, पण तो कशाला सांगेल?

३

इन्स्पेक्टर रीस सभ्य माणूस होता, आणि नीनाला त्याचीच भीती वाटली. सभ्य माणसं एकदा मत बनवलं की आवाज न चढवता त्यालाच चिकटून बसतात.

"डॉक्टर, तुमच्या मुलीच्या हातावर रक्त आहे. तिनं त्याला मारलेलं सगळ्यांनी पाहिलं. ती एकटी घंटाघराकडे गेली."

"त्याच्या साहेबाकडे तक्रार करणार म्हणून बजावायला गेली होती ती! खाली पायऱ्यांवर धीर गोळा करत बसली, मग वर गेली, तर हा मरून पडलेला. आणि त्या पाठीवरच्या बोटांचं काय?"

"घाबरून लावला असेल हात. पुसट आहेत ठसे, त्यातून नाव निघेलच असं नाही." रीसनं वहीचं पान उलटलं. "मी तिला साधा प्रश्न विचारला, पायऱ्यांवर बसली असताना वरून कुणी उतरताना दिसलं का? इतर सगळ्याचं उत्तर देते. एवढ्यालाच म्हणते, नो कॉमेंट. लपवण्यासारखं काही नसेल तर असं कोण म्हणतं?"

ऋजुता खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात, म्हणून ती खोटं बोलतच नाही. गप्प बसते. म्हणजे तिला कुणीतरी दिसलं होतं.

गाडीत बसवताना ऋजुतानं एकदाच हिसडा दिला. आईला काहीतरी सांगायचं होतं तिला. पण दोन पोलिसांनी तिला बॉनेटवर दाबलं, गाल पत्र्यावर आपटला आणि हात मागे पिरगाळून बेड्या अडकवल्या. पुष्कर धावला तर त्याच्या पोटात कोपर बसलं. चंदूभाऊ दोन्ही हात रेनकोटच्या खिशात घालून उभे होते. ते जागचे हलले नाहीत.

"खुनाचा आरोप लागला तर जन्म जाईल पोरीचा," शशीवहिनी पुटपुटल्या. त्यांच्या मुठीत रुमाल गच्च आवळलेला होता, आणि टीरूममध्ये चहा आला तरी ती मूठ उघडली नाही.

४

बाकीच्यांना जबाब होईस्तोवर गाव सोडायची मनाई होती. नीनाला तेच हवं होतं. तिनं पहिल्यांदा पुष्करला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांग. तू होतास कुठे?"

"काकू, जॅकेट आणायला गाडीपाशी गेलो होतो. शप्पथ. तुम्हाला वाटतं मी मारलं?"

"वाटायला काय जातंय? दात घशात घालणार होतास ना?"

"घातले असते! पण समोरून. असं मागून नाही." त्याचे डोळे भरून आले. "ती माझ्यासाठी गप्प बसलीये का, काकू? तिनं मला पाहिलं असं तिला वाटतंय का? मी आत्ता जाऊन सांगतो, मीच केलं म्हणून."

"गप रे! एक आत आहे ती पुरे."

मग मेगन. काउंटरमागे ती कपबश्या आपटत होती. डाव्या डोळ्याखालची जुनी काळीनिळी खूण आता पिवळी पडत आली होती. ती कशाची, हे नीनाला कुणी सांगायला नको होतं.

"तुम्ही मघाशी मागच्या दारानं बाहेर गेला होतात," नीना म्हणाली.

"कचरा टाकायला. आणि हो, तो मेला म्हणून नाचायलाही गेले असते, पण तेव्हा ठाऊक नव्हतं!" मेगननं टेबलावर मूठ आपटली. "वेगळे राहतो आम्ही. तरी दर आठवड्याला येऊन मारून जायचा. तुरुंगातून आला तसाच राहिला."

"तुरुंगात? कशाबद्दल?"

"दारू पिऊन गाडी चालवली. कुणीतरी पोरगा मेला होता बर्मिंगहॅमला. दोन वर्षांत बाहेर! त्या पोराचं नावही आठवायचं नाही त्याला."

नीनानं हातातली बशी काउंटरवर ठेवली. साकेतच्या खटल्याला ती कधी गेली नव्हती, त्या ड्रायव्हरचं नावही तिनं कधी विचारलं नव्हतं. तिच्याच्यानं बघवलं नसतं. चंदूभाऊ मात्र रोज जात होते.

५

नुसता संशय असून उपयोग नव्हता. रीस म्हणाला असता, बाई, मुलीला वाचवायला तुम्ही मित्राला गोवताय. आणि नीनाला स्वतःलाच ते पटत नव्हतं. चंदूभाऊ? ज्यांनी ऋजूला खांद्यावर घेऊन गणपतीत नाचवलं, ते?

ती शशीवहिनींच्या टेबलाकडे वळली. वहिनी पाय लांब करून बसल्या होत्या. घाईत नीनाचा बूट त्यांच्या पावलाला लागला. नीना चटकन वाकली, त्यांच्या पावलाला बोटं टेकवली आणि तीच बोटं कपाळाला लावली. काही विचार नाही, काही नाही. कुणाला पाय लागला तर लहानपणापासून हात आपसूक तसाच जातो.

आणि कपाळापाशीच तिचा हात थांबला.

अरुंद दार. दारात आडवं प्रेत. बाहेर पडायचं तर ते ओलांडायलाच हवं. ओलांडताना बुटाचं टोक पाठीला लागलं. चिखलाचा डाग. आणि त्या डागावरच चार बोटं, हलकी, आदरानं टेकवलेली. खून करून पळणारा माणूस मेलेल्याला पाय लागला म्हणून नमस्कार करून गेला होता!

मेगनला ही सवय असायचं कारण नाही. ऋजुताला तर नाहीच. अख्खं बालपण नीनानं तिला त्यासाठी टोकलं होतं, पुस्तकाला पाय लागला की कार्टी नुसतं 'सॉरी' म्हणून पुढे जायची. शशीवहिनी सगळा वेळ नीनासोबत चहाला होत्या. उरले पुष्कर आणि चंदूभाऊ. ऋजुता जिवावर बेतलं तरी तोंड उघडणार नाही, अशीही हीच दोन माणसं.

पण बोटं रक्तानं माखलेली होती. ती पुढे कपाळाला लागली असणार. हात धुता येतात, रेनकोट नळाखाली धरता येतो. स्वतःचं कपाळ कुणाला दिसतं?

तिनं पर्समधून कॅमेरा काढला. वेशीपाशी ह्यूनं काढलेला सकाळचा फोटो: पाच जण, चंदूभाऊंचं कपाळ कोरं. मग टीरूममधला, वाढदिवसाचा म्हणून तिनंच काढलेला, ऋजुताची किंकाळी ऐकू येण्याच्या थोडंसं आधी: चंदूभाऊ नुकतेच पावसातून आलेले, रेनकोटची टोपी मागे सारलेली, समोर केक. दोन भुवयांच्या मध्ये तांबडा ठिपका. त्यांना रोज गंध लावलेलं बघायची सवय, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. इन्स्पेक्टरला दिसलं असतं तरी धर्माचं काहीतरी म्हणून त्यानं अदबीनं नजर वळवली असती.

आणि गंधाची डबी तर बर्मिंगहॅमला, देवापाशी.

नीनानं कॅमेरा वहिनींसमोर धरला. वहिनींनी फोटो पाहिला, आणि मघापासून आवळलेली मूठ पहिल्यांदाच उघडली.

"गंध फिसकटलंय म्हणून पुसायला गेले मी," त्या म्हणाल्या. "मग आठवलं, आज गंध नाहीच." रुमालावर डाग होता. सुकून तपकिरी पडलेला. तांबडं गंध कधी असं तपकिरी होत नाही, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. "नीना, मला साकेतची शपथ आहे, मी सांगणार होते. फक्त... धीर होत नव्हता गं."

"मला द्या तो."

वहिनींनी रुमाल दिला आणि टेबलावर डोकं टेकून त्या ढसाढसा रडल्या. नीनानं पुष्करला इन्स्पेक्टरकडे पिटाळलं आणि ती एकटीच बंदराकडे, चंदूभाऊंकडे निघाली. तिला आधी एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. शहाण्या बाईनं असं करू नये, पण जन्मभराचं नातं होतं.

६

चंदूभाऊ धक्क्याच्या भिंतीवर बसले होते. खाली लाटा दगडांवर आपटत होत्या.

"चंदूभाऊ, मघाशी कपाळावर गंध होतं. कुठे गेलं?"

त्यांचा हात कपाळाकडे गेला. "पावसानं गेलं असेल."

"आज तुम्ही गंध लावलंच नव्हतं."

ते समुद्राकडे वळले. मग बोलले ते अगदी शांतपणे.

"रोज त्याच्या समोर बसायचो कोर्टात. ओळखलंसुद्धा नाही गं त्यानं मला. आधी दाढीमुळे मलाही खात्री नव्हती. वर जाऊन त्याला म्हटलं, साकेत मुळ्ये. तर म्हणतो, कोण साकेत? मी सांगितलं कोण ते. म्हणाला, शिक्षा भोगली मी, आणखी काय पाहिजे तुला? आणि पाठ फिरवली. दांडा तिथेच होता." त्यांनी हाताकडे पाहिलं. "नंतर बाहेर पडताना पाय लागला त्याला. आणि हा हात आपोआप गेला, नीना. ज्यानं माझ्या पोराला चिरडलं, त्याला मी नमस्कार केला!"

नीनाला रडू आवरेना. "मला कळतं हो. देवाशपथ कळतं. पण ऋजूला बेड्या घातल्या तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात. एक शब्द नाही बोललात?"

"सुटेल ती."

"आणि नाही सुटली तर?"

"तर तुझी काही वर्षांनी परत तरी येईल," चंदूभाऊ म्हणाले. "माझा नाही येणार."

ज्या माणसाला तिनं भाऊ मानलं होतं, तो त्या क्षणी तिच्यापुरता मेला. तिनं रुमाल खिशातून काढून दाखवला आणि ती वळली.

त्यांनी मागून तिचा स्कार्फ धरला. धरला आणि पीळ घातला. नीनाचे पाय उचलले गेले, डोकं दगडावर आपटलं, डोळ्यांसमोर अंधारी आली. तिनं नखं मारली, लाथा झाडल्या, त्यांच्या मनगटाला कडाडून चावली. तोंडात रक्ताची चव आली. तरी पीळ आवळतच होता आणि चंदूभाऊ रडत रडत म्हणत होते, "दे तो रुमाल, नीना, दे ना गं." रुमाल तिनं सोडला नाही.

मग काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. ते चंदूभाऊंचं नाक होतं. पुष्करनं दुसरा ठोसा जबड्यावर घातला, तिसरा घालणार तोच रीसनं त्याचा हात धरला. चंदूभाऊ भिंतीला टेकून खाली बसले. तोंडातून रक्त आणि लाळ ओघळत होती, त्यातच एक दात. बेड्या घालताना रीसनं विचारलं, काही सांगायचंय का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. ऋजुताचं नावसुद्धा काढलं नाही.

७

जवळच्या शहरातल्या पोलीस स्टेशनातून ऋजुता बाहेर आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कपडे तपासणीसाठी ठेवून घेतलेले, अंगावर त्यांनीच दिलेला करडा ट्रॅकसूट, गालावर सूज. पुष्करकडे बघून ती कशीबशी हसली, पण आली ती सरळ आईकडे.

"आई, मी काकाला बघितली होती. टॉवरमधून खाली येताना, रेनकोटमध्ये." ती भराभरा बोलत होती. "आय नेव्हर टोल्ड देम. मला वाटली, काकांनी केला तर काहीतरी मोठा कारण असेल. आत्ता इन्स्पेक्टरकडून साकेतदादाचा नाव ऐकली मग कळला मला. मी सांगितली असती तर त्यांचा काय झाला असता?"

"कळलं बाळा. सगळं कळलं."

"इन्स्पेक्टर म्हणाला, दुसरा माणूस मिळाला, तू जा. मला माहीतच होता." तिनं आईचे दोन्ही हात धरले. "काका स्वतः गेले ना पोलिसांकडे? मला पकडली म्हणून? ही केम फॉर मी, ना आई?"

पुष्करनं तोंड उघडलं आणि नीनाकडे पाहून मिटलं. खटला उभा राहील तेव्हा सगळं बाहेर येणार होतं, हे नीनाला ठाऊक होतं. कोर्टात शपथेवर साक्षी देण्यात तिचा जन्म गेला होता, पुराव्यात नाही तो शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता. बोलताना गळ्यातून आवाज फाटूनच निघाला.

"हो. तुला नेल्याबरोबर गेले. कुणाचं ऐकायला तयार नव्हते."

ऋजुतानं डोळे मिटले. सकाळपासून जे रडू तिनं दाबून धरलं होतं ते आत्ता फुटलं, आणि तिनं आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. काळ्यानिळ्या पडलेल्या त्या गळ्यात कळ उठून डोक्यात गेली. नीनानं हूं की चूं केलं नाही. लेकीच्या पाठीवरून ती हात फिरवत राहिली.